एका विद्यापीठातील तीन विद्या



शाळेच्या वेळापत्रकात प्रत्येक विषयाला त्याची स्वतंत्र चौकट असते. भूगोलाचा तास संपल्याची घंटा वाजली की भूगोलाची वही मिटते आणि विज्ञानाची उघडते. शिकणे व शिकविणे सुलभ व्हावे म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि तिच्यावाचून शाळा चालणार नाही. परंतु दहा वर्षे या चौकटींत वावरल्यानंतर ज्ञानाचेच असे तुकडे पडलेले आहेत, असा आपला समज होऊन बसतो. शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी जी चर्चा चालते तिच्यात हा समज स्पष्ट दिसतो. विज्ञान शाखेकडे गेलेला मुलगा इतिहास-भूगोलाला जन्माचा रामराम ठोकतो. कला शाखेकडे गेलेल्या मुलीला गणित आता आपले नव्हे असे वाटू लागते. आणि वडील मंडळी कोणती शाखा वरची, कोणती खालची याचा हिशेब मांडू लागतात.

हा समज कितपत खरा आहे, हे एका खऱ्या उदाहरणावरून तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र, वैद्यक आणि आर्थिक भूगोल या तीन विद्यांचा परस्परांशी काय संबंध असेल, असे विचारले तर कोणीही क्षणभर थबकेल. तरीही एकाच विद्यापीठात, एकाच काळात या तिन्ही विद्या एकमेकींच्या मदतीला कशा धावून गेल्या, याची हकीकत लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. ते विद्यापीठ म्हणजे स्वीडनमधील लुंड.

लुंडचे विद्यापीठ

स्वीडनच्या अगदी दक्षिण टोकाला स्कोने नावाचा सपाट, सुपीक प्रांत आहे. त्या प्रांतात लुंड हे जुने गाव वसलेले आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १६६६ साली झाली. जवळच माल्मो हे बंदर असून तेथे एके काळी मोठमोठी जहाजे बांधली जात. चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडली की पलीकडे डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन लागते. अणूच्या रचनेचा थोर अभ्यासक नील्स बोर याची संस्था तेथेच होती. त्यामुळे लुंडच्या भौतिकशास्त्रज्ञांचा तिकडे सतत राबता असे.

गाव लहान असल्याने विद्यापीठाचे विभाग आणि रुग्णालय ही सर्व चालत जाण्याच्या अंतरावर होती. निरनिराळ्या विषयांची माणसे एकमेकांना ओळखत असत. पुढील हकीकत समजण्यासाठी ही साधी गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

हृदयाचा प्रतिध्वनी

१९५० च्या सुमारास लुंडच्या रुग्णालयात इंगे एडलर हे हृदयरोगाचे वैद्य काम करीत होते. शस्त्रक्रियेपूर्वी हृदयरोग्यांची तपासणी करून निदान करणे, ही जबाबदारी त्यांच्याकडे होती.

आपल्या हृदयाच्या डाव्या बाजूला वर अलिंद आणि खाली निलय असे दोन कप्पे असतात व त्या दोहोंमध्ये दोन पाकळ्यांची एक झडप असते. तिला द्विदल झडप म्हणतात. काही रोग्यांमध्ये या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून वाट अरुंद होते. काहींमध्ये झडप नीट मिटत नाही व रक्त उलटे फिरते. पहिल्या प्रकारात चिकटलेल्या पाकळ्या शस्त्रक्रियेने सोडवून वाट रुंद करण्याची युक्ती त्या वेळी नुकतीच रूढ होऊ लागली होती. दुसऱ्या प्रकारात त्या शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता, उलट अपायच संभवत होता. म्हणून छाती उघडण्यापूर्वीच रोगाचा प्रकार ओळखणे हा रोग्याच्या जिवाचा प्रश्न होता. नाडी, छातीतले आवाज, क्ष-किरण, शिरेतून हृदयात सरकविलेली बारीक नळी अशी साधने हाताशी होती. तरी त्यांवरून पुष्कळदा खात्रीचा निर्णय होत नसे.

एडलर यांच्या मनात असा विचार आला की, युद्धात विमाने शोधण्यासाठी जसे रडार वापरले, तसे काही हृदयासाठी वापरता येईल काय? याचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत मिळण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी ते एका भौतिकशास्त्रज्ञाला विचारले. त्याचे नाव हेल्मुथ हर्ट्झ. हा तरुण लुंडच्या अणुकेंद्रीय भौतिकशास्त्राच्या विभागात काम करीत होता. त्याचे वडील गुस्ताव हर्ट्झ यांना १९२५ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेम्स फ्रँक यांच्यासह मिळाले होते. आणि ज्यांच्या नावावरून कंपनसंख्येच्या एककाला 'हर्ट्झ' म्हणतात, ते हाइनरिख हर्ट्झ हे गुस्ताव यांचे चुलते.

हर्ट्झ याने सांगितले की, शरीरात रडारच्या लहरींचा उपयोग होणार नाही. ध्वनीचा मात्र होईल. आपल्या कानाला दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनसंख्येच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. धातूच्या ओतकामात आत एखादी भेग राहिली आहे काय, हे पाहण्यासाठी असा ध्वनी वापरणारे यंत्र कारखान्यांत आले होते. माल्मोच्या कॉकम्स या जहाजकारखान्यात असे यंत्र होते. दोघे तेथे गेले. हर्ट्झ याने यंत्राचा ध्वनिशोधक स्वतःच्याच छातीवर ठेवला, तेव्हा हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढेमागे हलणारी प्रतिध्वनीची खूण पडद्यावर दिसली!

यामागील तत्त्व तुम्हांला सहज समजण्यासारखे आहे. डोंगरासमोर हाक मारली आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला हे मोजले, तर डोंगराचे अंतर काढता येते. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी दर सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. ८ सेंटिमीटर खोल असलेल्या पडद्यावर आपटून परत यावयाला त्याला एकूण १६ सेंटिमीटर जावे लागते. म्हणजे सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग पुरतो. एवढा सूक्ष्म काळ मोजण्याची विद्या कोणाजवळ होती? अणूंचे आणि कणांचे क्षणभंगुर व्यापार ज्यांना रोजच मोजावे लागतात, त्या भौतिकशास्त्रज्ञांजवळ ती होती.

पुढे जर्मनीतील सीमेन्स कंपनीकडून एक यंत्र उसने मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी जिवंत हृदयाच्या हालचालीचा पहिला ध्वनिलेख या दोघांनी नोंदविला. याच यंत्राचा लाभ शेजारच्या मेंदूच्या शस्त्रवैद्यानेही घेतला. लार्स लेक्सेल यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते एका जखमी बालकाच्या डोक्यावर लावून मेंदूतील रक्तस्राव ओळखला.

आरंभी पुष्कळ वैद्यांना या पद्धतीचा विश्वास वाटत नव्हता. पडद्यावरील विशिष्ट खूण हृदयाच्या नेमक्या कोणत्या भागाची आहे, याबद्दल खुद्द संशोधकांचा पहिला तर्कही चुकीचा ठरला होता. ती अलिंदाच्या भिंतीची खूण असावी असे त्यांना वाटले. पुढे एडलर यांनी चिकाटीने शोध घेऊन ती द्विदल झडपेच्या पाकळीची आहे, असे सिद्ध केले. १९७७ साली या दोघांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देऊन गौरविण्यात आले. आज आपण रुग्णालयात 'एको' काढला असे म्हणतो, त्याचा उगम हा आहे.

न्यूट्रॉन आणि सोडत

आता आपण क्षणभर लुंड सोडून अमेरिकेत जाऊ. कारण आर्थिक भूगोलाला उपयोगी पडलेली युक्ती तेथे, अणुशक्तीच्या संशोधनातून, निघाली.

न्यूट्रॉन हा अणुकेंद्रातील विद्युत्भाररहित कण होय. तो युरेनियमसारख्या पदार्थात शिरला की पुढे काय होईल? एखाद्या अणुकेंद्रावर आपटून तो दिशा बदलील, किंवा शोषला जाईल, किंवा अणुकेंद्र फोडून नवे न्यूट्रॉन बाहेर काढील. कोणत्या गोष्टीचा संभव किती, हे ठाऊक असते. पण एका विशिष्ट न्यूट्रॉनचे काय होणार हे सांगता येत नाही. असे असंख्य न्यूट्रॉन असले म्हणजे समीकरणे मांडून उत्तर काढणे अशक्यप्राय होते.

१९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव खेळत बसत. डाव सुटण्याचा संभव किती, हे गणिताने काढणे त्यांना फार अवघड वाटले. त्यापेक्षा शंभर डाव प्रत्यक्ष मांडून किती सुटतात ते मोजावे, हे सोपे! हीच युक्ती न्यूट्रॉनला लावता येईल, असे त्यांच्या ध्यानात आले. प्रत्येक टप्प्यावर जणू सोडत काढून एका काल्पनिक न्यूट्रॉनचा प्रवास ठरवावयाचा. असे हजारो प्रवास करून पाहावयाचे. आणि त्या सर्वांवरून उत्तर काढावयाचे. जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना उचलून धरली व नव्या गणकयंत्रांवर तिचा उपयोग सुरू झाला. जुगारगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या नावावरून तिला 'मॉन्टे कार्लो पद्धत' हे नाव मिळाले.

लुंडचे कार्ल-एरिक फ्रोबर्ग हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ १९४७-४८ च्या सुमारास गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेस गेले होते. परत येताना त्यांनी या पद्धतीची माहिती बरोबर आणली. पुढे १९५६ साली लुंडचे पहिले गणकयंत्र, स्मिल, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली उभे राहिले आणि अणुकेंद्राच्या अभ्यासकांना त्याचा मोठा उपयोग झाला. परंतु ते यंत्र येण्यापूर्वीच फ्रोबर्ग यांनी आणलेली युक्ती एका भूगोलतज्ज्ञाच्या हाती पडली होती.

शेतकऱ्यांचा नकाशा

टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड हे त्या भूगोलतज्ज्ञाचे नाव. त्यांचा जन्म १९१६ साली स्वीडनच्या स्मोलांड प्रांतात झाला. वडील खेड्यातील प्राथमिक शिक्षक होते. हेगरस्ट्रँड यांनी आस्बी नावाच्या एका ग्रामीण भागातील रहिवाशांची शंभर वर्षांची स्थलांतरे, पत्नीच्या साहाय्याने, चर्चमधील जुन्या नोंदवह्यांवरून एकेक माणूस घेऊन शोधून काढली होती.

त्यांचा प्रश्न असा होता: नवी गोष्ट एका गावातून दुसऱ्या गावात कशी पसरते? तेथील शेतकरी उन्हाळ्यात गुरे रानात चरावयास सोडत व त्यामुळे कोवळ्या झाडांची नासाडी होई. म्हणून १९२८ पासून सरकारने कुरणे सुधारण्यासाठी लहान शेतकऱ्यांना अनुदान देऊ केले. कायदा सर्वांना एकच होता, लाभही सारखाच होता. तरी काही भागांतील शेतकऱ्यांनी अनुदान लगेच घेतले, आणि काही भागांत वर्षानुवर्षे कोणी पुढे आले नाही. गुरांच्या क्षयाची तपासणी, टपालखात्यामार्फत पैसे देण्याघेण्याची सोय, मोटारगाडी, दूरध्वनी अशा इतर गोष्टींच्या प्रसाराचेही त्यांनी नकाशे काढले. जमिनीचा कस किंवा शेतकऱ्याची सांपत्तिक स्थिती एवढ्यानेच या नकाशांचा उलगडा होत नव्हता.

हेगरस्ट्रँड यांनी असा तर्क बांधला की, शेतकरी सरकारी पत्रकापेक्षा शेजाऱ्याच्या अनुभवावर अधिक विश्वास ठेवतो. हा तर्क तपासण्यासाठी त्यांनी न्यूट्रॉनची ती पद्धत घेतली. त्यांनी नकाशावर ५ किलोमीटर बाजूचे चौरस आखले. ज्याला नवी गोष्ट ठाऊक आहे तो शेतकरी कोणत्या चौरसातील माणसाला भेटेल, हे सोडतीने ठरविले. मात्र सोडत आंधळी नव्हती. लोक किती दूर राहावयास जातात, दूरध्वनीवर किती दूरच्या माणसाशी बोलतात, याच्या नोंदींवरून त्यांनी संभव काढले होते. १०,००० अंकांपैकी ४,४३२ अंक स्वतःच्याच चौरसाला आणि पंचवीस चौरसांच्या पटातील कोपऱ्याच्या चौरसाला अवघे ९६, अशी ती वाटणी होती. मध्ये सरोवर किंवा दाट अरण्य असले तर भेटीचा संभव आणखी कमी धरला.

हाताने सोडती काढून तयार केलेले काल्पनिक नकाशे आणि खरे नकाशे त्यांनी शेजारी ठेवले. दोन्ही तंतोतंत सारखे नव्हते, व ते तसे असणेही शक्य नव्हते. परंतु त्यांची घडण मात्र एकच होती. आरंभीच्या थोड्या ठिकाणांभोवती पुंजके, मग त्या पुंजक्यांची वाढ आणि कडेने तुरळक नवे ठिपके! ज्या प्रबंधात त्यांनी हे मांडले तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाचा पहिला ध्वनिलेख ज्या वर्षी निघाला, तेच हे वर्ष. १९६७ साली प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर झाले आणि जगभरच्या भूगोलतज्ज्ञांचे लक्ष लुंडकडे वळले.

यातून निघालेला बोध शासनकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. एखादे गाव मागे राहिले तर तेथील माणसे आळशी वा अज्ञानी आहेत, असे म्हणणे सोपे असते. पुष्कळदा दोष माणसांचा नसून अंतराचा असतो. जेथे पहिला शेजारी नाही तेथे तो निर्माण करावा लागतो.

उपकाराची परतफेड

भौतिकशास्त्राने भूगोलाला दिलेले हे साधन भूगोलाने पुढे वैद्यकाच्या हाती दिले. रोगही माणसांच्या भेटीगाठींतूनच पसरतो. पीटर हॅगेट या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने आइसलँडमधील गोवराच्या साथींचा अभ्यास केला, तो याच विचारपरंपरेतला. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा रोग कोठे, किती पसरेल याचे जे अंदाज बांधले जात, त्यांपैकी अनेकांत अशाच सोडतीच्या गणिताचा उपयोग केलेला होता. कर्करोगावर किरणोपचार करताना किरणांची मात्रा शरीराच्या कोणत्या भागात किती पोहोचेल, हे काढण्यासाठीही मॉन्टे कार्लो पद्धत वापरतात.

आपल्याकडेही अशी दृष्टी लाभलेले विद्वान होऊन गेले. गोव्यातील कोसबेन या गावी १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. पालीचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणित शिकवीत व संशोधन करीत. नाणे हाताळले जाताना झिजते, म्हणजे त्याचे वजन घटते. तेव्हा पुष्कळ नाणी काटेकोर तोलली तर त्यांच्या चलनाचा काळ ताडता येईल, असा विचार करून त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा गणिती अभ्यास केला आणि त्या वाटेने भारताच्या इतिहासाकडे वळले. त्यांना इतिहासात प्रवेश करण्यासाठी गणित टाकून द्यावे लागले नाही. गणित हेच त्यांचे प्रवेशद्वार ठरले.

आपण काय घ्यावे?

या हकीकतीवरून 'सर्वांनी सर्व विषय थोडेथोडे शिकावेत' असा अर्थ कोणी काढू नये. एडलर यांना हृदयाचे रोग पुरतेपणी माहीत नसते तर त्यांना प्रश्नच पडला नसता. हर्ट्झ याला ध्वनीचे आणि मोजमापाचे शास्त्र ठाऊक नसते तर उत्तर सुचले नसते. हेगरस्ट्रँड यांनी नोंदवह्यांत वर्षे घालविली नसती तर सोडतीचा खेळ हा नुसता खेळच राहिला असता. आपल्या विषयात खोल जावे, आणि तेथे वाट अडली की शेजारच्या विद्येचे दार ठोठावण्यास लाजू नये, हे खरे सूत्र होय. वैद्याने 'मला हे येत नाही' म्हणून विचारले आणि भौतिकशास्त्रज्ञाने 'हे माझे काम नव्हे' असे म्हटले नाही. या दोन साध्या गोष्टींमुळे आज असंख्य रोग्यांना जीवदान मिळत आहे.

जाता जाता पालकांना व विद्यार्थ्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगणे कर्तव्य वाटते. एडलर ज्या झडपेच्या रोगाशी झगडत होते त्याचे मूळ बहुधा बालपणीच्या संधिवाती तापात असते. आणि तो ताप घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर, विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना, होतो. आपल्या देशातून हा रोग अजून गेलेला नाही. घसा फार दुखून ताप आला, किंवा त्यानंतर सांधे सुजून एकामागून एक दुखू लागले, तर घरगुती काढ्यावर न विसंबता डॉक्टरांना दाखवावे. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने पुढचा अनर्थ टळू शकतो. ही माहिती शेजाऱ्यांनाही सांगावी. ती कशी पसरते हे आता आपणांस कळलेच आहे.

करून पाहा

१. चौकटीच्या कागदावर २१ × २१ घरे आखा. मधल्या घरावर खूण करा. हा नवे बियाणे प्रथम पेरणारा शेतकरी.

२. २० चिठ्ठ्या करा. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर या प्रत्येक दिशेच्या ३. चार उपदिशांची प्रत्येकी १. आणि ४ कोऱ्या.

३. प्रत्येक फेरीत खूण असलेल्या प्रत्येक घरासाठी एक चिठ्ठी काढा आणि लगेच परत टाका. चिठ्ठीत जी दिशा निघेल तिकडच्या लगतच्या घरावर खूण करा. कोरी चिठ्ठी निघाली किंवा त्या घरावर आधीच खूण असली, तर काही करू नका. नव्या घराची पाळी पुढच्या फेरीपासून.

४. वर्गाचे दोन गट पाडून दोघांनी स्वतंत्रपणे आठ फेऱ्या खेळा व नकाशे शेजारी ठेवा. काय सारखे आहे? काय निराळे आहे?

५. आता पहिल्या घराशेजारून एक नदी काढा. चिठ्ठीने नदीपलीकडे नेले तर नाणे उडवा आणि छाप पडला तरच खूण करा. पलीकडचा काठ किती फेऱ्या मागे राहतो, ते वहीत लिहा. आणि तेथे पूल बांधावा की तेथे एक पहिला शेतकरी तयार करावा, यावर वर्गात चर्चा करा.